भोपळ्याने लावलेला क्रम

१२ फेब्रुवारी

वह्या दोन झाल्या. एक डॉक्टरीणबाईंची. भोपळा किती झोपला, डोकं कधी दुखलं, काय आठवलं, काय विसरला. ती चांगल्या अक्षरात लिहायची आणि दर सोमवारी दाखवायची. ही दुसरी माझी. आमच्या बाइंडिंगमध्ये हिचं कव्हर उलटं चिकटलं म्हणून बाद झाली, मी पिशवीत टाकून आणली. हिच्यात मी मला हवं ते लिहिणार.

भोपळा म्हणजे माझा धाकटा भाऊ. एकतीस वर्षांचा घोडा. लहानपणी अंगापेक्षा डोकं मोठं होतं, तेव्हापासून हेच नाव. जानेवारीत स्कूटर घसरली आणि नेमकं तेच डोकं आपटलं. काल घरी आणला. बोलतो, चालतो, चहात साखर कमी म्हणून कुरकुरतो. आज झालेलं उद्या आठवतं. पण गेल्या मे महिन्यापासून अपघातापर्यंतचे आठ महिने कोरे आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, येतील किंवा येणारही नाहीत.

आई जुलैत गेली.

हॉस्पिटलात मी त्याला ते तीनदा सांगितलं. पहिल्यांदा ढसाढसा रडला, झोपला, आणि सकाळी डोळे उघडून म्हणाला, "आई कुठाय?" पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दोन नर्सना त्याचे हात धरावे लागले. तिन्ही वेळा त्याची आई त्या क्षणी गेली आणि तिन्ही वेळा ते त्याच्यापर्यंत पोचवणारी मी. चौथ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या तोंडातून निघून गेलं, "मावशीकडे गेलीय. मावशीचं मांडीचं हाड मोडलंय."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आता त्यांच्या लक्षात राहील. एकदाच सांगावं लागेल. वेळ तुम्ही ठरवा, पण फार ताणू नका."

त्याला आणण्याआधी आईचा फोटो, चष्मा, काठी आणि लोकरीची टोपी ट्रंकेत टाकली. भिंतीवर खिळा उरला. त्याला कॅलेंडर अडकवलं.

१५ फेब्रुवारी

मावशीचा फोन. दुसऱ्या गावी असते, ठणठणीत आहे, सकाळी चार मैल चालते. "अगं, मांडीचं हाड कशाला मोडलंस माझं? मनगट मोडायचं होतंस. त्याने विचारलं, मावशी चालतेस कशी, तर मी म्हटलं वॉकर घेऊन, आणि मागे शेजारीण ओरडतेय, चला फिरायला!"

मी तिला म्हटलं, थोडे दिवस. ती म्हणाली, "थोडे म्हणजे किती?" मी म्हटलं, दूध उतू चाललंय, आणि फोन ठेवला. दूध आणलंच नव्हतं.

आईला फोनवर ऐकू येत नसे ते आता उपयोगी पडतंय. नाहीतर "आईला दे" म्हणाला असता.

१९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी त्याला काम दिलंय. एखादी लांबलचक गोष्ट, जिच्यात त्याला गती आहे, ती नवख्या माणसाला क्रमाने समजावून द्यायची. डोक्याला व्यायाम. लांबलचक गोष्ट म्हटल्यावर आमचा भोपळा काय निवडणार? 'ढगांचे खलाशी.' आणि नवखी म्हणजे मी.

ही जपानी कार्टूनची मालिका आहे. कार्टून म्हटलं की चिडतो, अॅनिमे म्हणायचं. तीनशे एक्केचाळीस भाग, सात सिनेमे, आणि पंधरा वर्षांनी काढलेली आधीच्या काळाची वेगळी मालिका. एक उडतं जहाज आहे, आकाशातले विझलेले दिवे लावत फिरतं. त्यावर ठेंगू नावाचा पोरगा, एक बिनकानाचा बोका आणि इंजिन सांभाळणारी म्हातारी. एवढं मला गेली बारा वर्षं भिंतीपलीकडून ऐकून माहीत आहे.

हे कुठल्या क्रमाने बघायचं यावर जगभर हाणामाऱ्या चालतात. निघालं त्या क्रमाने, की गोष्टीत घडलं त्या क्रमाने? भोपळा या भांडणखोरांच्या एका मोठ्या गटाचा प्रमुख. आमच्याकडे इंटरनेट बंद पडलं की त्याला ताप यायचा.

"ताई, आधीच्या काळाची मालिका आधी बघितली तर वाटोळं," तो म्हणाला. "म्हातारी कोण आहे ते आधीच कळतं. मग दोनशे भाग नुसते कळण्यात जातात."

"मग मागनं बघायचं?"

"निघालं तसं. आणि भरताड गाळून."

भरताड म्हणजे मूळ गोष्टीत नसलेले, वेळकाढू भाग. असे बासष्ट आहेत. भोपळ्याचं जुनं वचन आहे, भरताड बघणारा माणूस माणूस नव्हे. बोलताना त्याचा चेहरा अपघाताआधीचा झाला. मी डॉक्टरांच्या वहीत लिहिलं: उत्साह चांगला.

२३ फेब्रुवारी

क्रम कार्डांवर लिहितोय. एकेका कार्डावर सहा-सात भाग, आणि कार्डाच्या कडेला काळी खूण, प्रत्येक खूण आधीच्यापेक्षा थोडी खाली. मी बघतच राहिले. हे आमच्या बाइंडिंगचं आहे. पुस्तकाचे फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे गठ्ठे, एकावर एक रचले की पाठीवरच्या खुणांची जिन्यासारखी उतरंड होते. पायरी तुटली की समजायचं, फर्मा चुकला किंवा गळला.

"तुझ्या टेबलाखाली बसून शिकलो," तो म्हणाला. शाळा सुटल्यावर आई त्याला माझ्याकडे सोडायची, ते त्याला लख्ख आठवतं. पंचवीस वर्षांपूर्वीचं आठवतं आणि गेला जुलै आठवत नाही. डोकंही कसं, हवं तिथे फाटतं.

त्याने विचारलं, "आईचा चष्मा दिसत नाही. नेला का?"

नेला म्हटलं. चोराच्या मनात चांदणं, मी उगाच पुढे जोडलं, "दोन्ही जोड्या नेल्या." आईकडे एकच चष्मा होता.

१ मार्च

अकरा भाग झाले. संध्याकाळी मी आले की तीन, रविवारी जास्त. मला काही बसवत नाही. दिवसभर कामावर टेबलाभोवती फेऱ्या मारून एकेक फर्मा उचलायचा, पाय भरून येतात, पण घरी बसले की तेच पाय चुळबुळतात. कप धुवायला उठते, खिडकी लावायला उठते, लावलेली खिडकी उघडायला उठते.

"ताई, बूड टेक ना. पायाला काय भिंगरी लावलीस?"

"मी ऐकतेय."

"ऐकून काय कळणार? जपानी येतं का तुला? खाली अक्षरं येतात ती वाचायला समोर बसावं लागतं."

खरं सांगायचं तर बसले की तो बोलायला लागेल, आणि बोलायला लागला की आईचं नाव येईल. भाग संपला की मधली दोन मिनिटं मला नको वाटतात. मग मीच म्हणते, लाव पुढचा. त्याला वाटतंय मला गोडी लागली.

६ मार्च

दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही ते इथे लिहिते. मी त्याला सांगत नाही ते फक्त त्याच्या डोक्यासाठी नव्हे.

आई गेली त्या दुपारी घरी भोपळा होता. मी कामावर. शाळा नुकत्या उघडल्याची घाई, पुस्तकांचे ढीग, चारही मशिनं चालू. त्याचे तीन फोन आले, मला ऐकू आले नाहीत. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. तो दारात उभा होता. म्हणाला, "ती गेली तेव्हा तू पुठ्ठे चिकटवत होतीस." त्यानंतर सहा महिने आम्ही एका घरात राहून मीठ संपलं, दार लाव, एवढंच बोललो. आई शेवटी काय म्हणाली हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

आता तो ते सगळं विसरलाय. मला 'ताई, बूड टेक' म्हणतो. हा माझा जुना भाऊ आहे, फुकटात परत मिळालेला. आई गेली हे सांगितलं की मागोमाग तो दारातला माणूस येणार. आणि आई काय म्हणाली ते मात्र येणार नाही, ते त्या कोऱ्या महिन्यांत गेलं.

म्हणजे मी त्याच्या दुःखाला भिते की त्याच्या रागाला? दोन्हीला. लिहून टाकलं. बरं वाटलं नाही.

११ मार्च

आज कामावरून आले तर तो कॉम्प्युटरसमोर. डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास परवानगी दिलीय. अपघातानंतर पहिल्यांदाच आपल्या गटात गेला होता. क्रमाच्या भांडणात काय प्रगती झाली ते बघायला.

"काय म्हणतायत तुझे खलाशी?"

"बरा हो म्हणतायत." माझ्याकडे न बघता म्हणाला. डोळे लालबुंद. जेवलाही नाही. एवढा वेळ स्क्रीनकडे बघायचं नाही म्हणून मी रागावले. तो म्हणाला, "बरं ताई." भोपळा कधी 'बरं ताई' म्हणत नाही.

डॉक्टरांच्या वहीत लिहिलं: डोळे लाल, स्क्रीनमुळे. भूक कमी.

१२ मार्च

सकाळी उठले तर चहा तयार. माझ्या कपावर बशी झाकलेली. "जेवणाचा डबा घेतलास? मोजे जाड घाल, फरशीवर उभं राहायचं असतं." मी म्हटलं, म्हातारा झालास का रे?

आज संध्याकाळी मालिका नाही. डोकं दुखतं म्हणाला.

१६ मार्च

डोकं थांबलं पण दुसरंच खूळ. सगळी कार्डं फाडून नवीन केली. आता आधी तिसरा सिनेमा, मग मालिका, मग मधेच पहिला सिनेमा, आणि बासष्टच्या बासष्ट भरताड भाग आत!

"अरे, भरताड बघणारा माणूस माणूस नव्हे ना?"

"मी चुकलो होतो. हाच क्रम बरोबर आहे."

"तिसरा सिनेमा पहिला? शेंडा आधी आणि बूड नंतर?"

"ताई, ऐक माझं. याच क्रमाने बघ."

मला धसका बसला. क्रम लावता येणं हाच तर डोकं नीट झाल्याचा पुरावा. सोमवारी डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी त्याच्याशी वीस मिनिटं एकट्याशी बोलून घेतलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "बुद्धी शाबूत आहे. तुम्ही बघा त्यांनी सांगितल्या क्रमाने." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. वाईट असणार काहीतरी आणि मला सांगत नाहीत.

एक बरं आहे. पाच दिवस झाले, त्याने आईचं विचारलं नाही. रुळलाय.

२४ मार्च

छत्र्यांच्या बेटावर आहोत. सगळं भरताड. लोक छत्र्या पेरतात आणि छत्र्या उगवतात. बारा भाग! पण आज मी हसले. जहाजावर पावसाचा मारा चाललाय आणि भोपळा म्हणतो, "एवढं मोठं जहाज, पण ओलं धुणं घालायला एक दोरी नाही मेल्यांकडे."

अगदी आईचं बोलणं. तसंच नाक फेंदारून. मी हसले आणि लगेच कप धुवायला उठले. नळाखाली कप बराच वेळ धरला.

ठेंगू आजारी पडला त्या भागात म्हणाला, "नुसतं कपाळावर फडकं कसलं ठेवताय, पायाला तेल चोळा पोराच्या." बोक्याला बघून, "याला कान नाहीत, पण ऐकतो कुणाचं तरी. आमच्याकडे दोघांना दोन-दोन आहेत." हे असलं त्याला सुचतं कुठून? आधी तर भाग चालू असताना कुणी श्वास घेतला तरी ओरडायचा.

२९ मार्च

मावशीचा फोन. आवाज बसलेला. भोपळ्याने तिला फोन केला होता, तासभर बोलले. मी विचारलं, "काय विचारलं त्याने? आईला दे म्हणाला?"

"नाही गं. त्या मालिकेचंच बोलला."

"तासभर?"

"तुम्ही दोघं एकमेकांना फार जपताय," मावशी म्हणाली. "जपून जपून मोडाल." मग तिला एकदम बाहेर जायचं आठवलं.

ट्रंकेवरची धूळ पुसलेली दिसली. मीच पुसली असेन.

३ एप्रिल

आज कामावर नाक कापलं गेलं. शब्दकोश चाललाय, एक्केचाळीस फर्मे. साठ प्रतींत माझ्या हातून तेविसावा गळला. पंचवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कटिंगवाल्या काकांनी सुरी खाली आणायच्या आधी थप्पीच्या पाठीवरून नजर फिरवली आणि मशीन थांबवलं. तीस वर्षं कटिंगवर काढून दहाही बोटं शाबूत असलेला हा एकच माणूस.

"पायरी तुटलीय," म्हणाले. "लक्ष कुठे आहे?"

मी त्यांना सगळं सांगितलं. का, ते माहीत नाही. डिंकाचा डबा ढवळत ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "एक फर्मा गळला तर जाडीत कळत नाही. कव्हर चढवलं तर दिसतंही छान. पण वाचणारा तिथे आला की थांबतोच."

साठ प्रती उसवून पुन्हा रचल्या. बोटं भेगाळली.

९ एप्रिल

धाकधूक म्हणून कामावरच्या कॉम्प्युटरवर पुढे काय होतं ते वाचून काढलं. एकशे सत्याऐंशीव्या भागात इंजिनवाली म्हातारी मरते. ठेंगूची आई तीच, हेही तिथेच कळतं.

आम्ही एकशे तिसाच्या पुढे आहोत.

म्हणजे दोन आठवडे. त्याआधी सांगायला हवं. किंवा तो भाग टाळायला हवा. इतकी भित्री आहे मी की 'किंवा' लगेच सुचलं.

१४ एप्रिल

सांगायचं ठरवून आले होते. दारात चप्पल काढताना वाक्य जुळवलं. त्याने दार उघडलं, हातात टॉवेल, म्हणाला, "आधी पाय गरम पाण्यात ठेव." वाक्य गेलं.

१७ एप्रिल

सांगायचं होतं. नाही सांगितलं. त्याचाही चेहरा काहीतरी बोलायचं असल्यासारखा होता. मी घाईने म्हटलं, लाव पुढचा. त्याने तेवढ्याच घाईने लावला.

२१ एप्रिल

सकाळी तो न्हाव्याकडे गेला तेव्हा मी कार्डं काढली. एकशे सत्याऐंशीचं कार्ड लपवायचं असा विचार. गळलं तर गळलं, त्याला वाटेल हरवलं.

कार्डं रचून कडेने बघितली. सवयच ती. वरून उतरंड नीट, नीट, नीट, आणि मग पायरी तुटलेली. अठ्ठाविसाव्या कार्डावर एकशे शहाऐंशीपर्यंत. पुढचं कार्ड तिसावं, एकशे अठ्ठ्याऐंशीपासून. एकोणतिसावं, एकट्या एकशे सत्याऐंशीचं, नाहीच.

मी लपवायच्या आधीच ते नव्हतं.

त्याचं डोकं! नेमका तोच भाग पुसला गेला असणार, मरणाचा म्हणून. डॉक्टरीणबाईंना फोन लावला, धापा टाकत सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यांनाच विचारा."

"विचारलं आणि त्रास झाला तर?"

"ताई," त्या पहिल्यांदाच मला ताई म्हणाल्या, "विचारा. आज."

२१ एप्रिल, दुपारी

कामावर गेले नाही. हॉस्पिटलच्या दिवसांची रजा सोडली तर पंचवीस वर्षांत दुसरी दांडी, पहिली आईसाठी.

तो केस कापून आला. टाक्यांची पांढरी रेघ उघडी पडली होती. मी टेबलावर कार्डं मांडून बसले होते. म्हणजे बसले नव्हते, उभीच होते.

"एकोणतिसावं कुठाय?"

त्याने कार्डांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग शर्टाच्या खिशातून कार्ड काढलं. कोपरे मऊ झाले होते, बरेच दिवस खिशातच असणार.

"मधे घालवत नव्हतं मला," म्हणाला. "तू त्या भागाला काय करशील कळेना."

"मी? मी तर तुझ्यासाठी..." आणि मग मला समजलं. इतक्या उशिरा की स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटली. लाल डोळे. बशी झाकलेला कप. ट्रंक.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"अकरा मार्च. गटात गेलो तर जुलैत मीच लिहिलेलं होतं. खाली दोनशे लोकांचे निरोप. माझी आई गेली हे मला माझ्याच अक्षरांत कळलं, ताई."

"मग बोलला का नाहीस?"

"मावशीने सांगितलं की तू हॉस्पिटलात तीनदा सांगितलंस मला. मग चौथ्यांदा कशाला सांगायला लावू तुला?"

मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. तो म्हणाला, "अजून एक आहे. तेच जास्त अवघड आहे. बस."

मी बसले नाही. त्याने तसंच सांगितलं.

जायच्या आधीच्या हिवाळ्यापासून आई त्याच्याबरोबर 'ढगांचे खलाशी' बघत होती. मी कामावर असताना, दुपारी. तिला ऐकू येत नसे, पण खाली अक्षरं येतात, चष्मा लावून वाचायची. पहिल्या दिवशी तिसरा सिनेमा चालू होता तेव्हा आत आली म्हणून तिची सुरुवात तिसऱ्या सिनेमाने. भरताड गाळू द्यायची नाही. म्हणायची, त्यांनी एवढं केलंय ते कुणीतरी बघायला नको? तो तिची मतं रोज गटात लिहायचा, 'आईचं आजचं मत' म्हणून. लोक वाट बघायचे. धुण्याची दोरी, पायाला तेल, बोक्याचे कान. मे महिन्यानंतरचं त्याला काही आठवत नाही, पण तिथे तारीखवार लिहिलेलं आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आम्ही दोघं तिला त्याच्या डोक्यात शोधत होतो, आणि ती तिकडे बोक्याला नावं ठेवत बसली होती.

म्हणजे मी महिनाभर आईच्या क्रमाने बघतेय.

"एकशे शहाऐंशीपर्यंत बघितलं तिने," तो म्हणाला. "पुढचा राहिला."

मग त्याने जुलैतलं छापून आणलेलं पान दिलं. वाचून नाही दाखवलं. इथे उतरवते, म्हणजे हरवणार नाही.

"आज आई गेली. दुपारी छातीत दुखायला लागलं. गाडी बोलावली, ताईला फोन करायला घेतला तर म्हणाली, तिला नको बोलावू, घाईचे दिवस आहेत, धावत येईल आणि पडेल कुठेतरी. तिचे पाय आधीच सुजतात. मी तरी तीन फोन केले. गाडी यायच्या आत संपलं. ताई आल्यावर मी तिला नको ते बोललो. आई नको म्हणाली होती हे तिला सांगितलं नाही. सांगितलं तर माझ्याकडे चिडायला कुणी उरणार नाही. उद्या सांगेन."

"सहा महिने सांगितलं नाही मी," भोपळा म्हणाला. "आणि मग विसरूनच गेलो. मला तो राग आठवतही नाही, ताई. दारात काय बोललो ते मावशीला विचारावं लागलं. लाज मात्र वाटते, ती कशी वाटते कळत नाही."

माझे पाय सुजतात हे आईच्या त्या वेळीही लक्षात होतं. मला तेवढंच पुन्हा पुन्हा दिसत राहिलं. आई घरात होती तेव्हा मी पायांबद्दल काही बोलले नव्हते. ती बघत असणार.

मी खाली फरशीवरच बसले आणि रडले. जुलैपासून रडले नव्हते. तोही शेजारी येऊन बसला, त्याचं मोठं डोकं माझ्या खांद्यावर. जड आहे.

२२ एप्रिल

सकाळी कॅलेंडर काढून खिळ्याला आईचा फोटो लावला. चष्मा फोटोखाली कपाटावर ठेवला. भोपळा म्हणाला, एकच जोडी? मी म्हटलं, गप बस.

मावशीला फोन केला, तुझं हाड जुळलं म्हणून. ती हसली.

डॉक्टरांच्या वहीत लिहिलं: क्रम बरोबर होता.

२४ एप्रिल

रविवार. चहा गॅसवर ठेवून बसलो. एकोणतिसावं कार्ड जागेवर घातलं, थप्पी ठोकून कडेने बघितली. उतरंड वरून खालपर्यंत सलग.

भाग काही फार ग्रेट नाही. म्हातारी बावीस मिनिटांत मरते, त्यातली चार मिनिटं नुसतं गाणं. शेवटी ती हातमोजे खुंटीला अडकवते आणि ठेंगूला म्हणते, इंजिनाला गार पाणी घालू नकोस. बस. मला वाटलं होतं काहीतरी मोठं बोलेल. भोपळा हुंदके देत होता. मी म्हटलं, "इतकं इंजिन सांभाळलं बाईने, कुणी तिला खुर्ची म्हणून दिली नाही बसायला."

भोपळ्याने मालिका थांबवली. माझ्याकडे बघितलं. मग उठून कॉम्प्युटरवर गेला आणि गटात ते लिहून आला. वर काय लिहिलं विचारलं तर म्हणाला, "आईचं आजचं मत. सही तुझी."

चहा उतू जाऊन गॅस विझल्याचा वास आला. तो बंद करायला गेला. पूर्ण भागभर मी एकदाही उठले नव्हते.